चाळिसावा दिवस

कल्पना करा, तुम्ही खुलताबादच्या एका गल्लीत ओट्यावर बसला आहात. मांडीवर लॅपटॉप आहे. डाव्या दारात तुमची दादी उभी आहे, उजव्या दारात शेजारची आजी. दोघी तुमच्याकडे बघताहेत. एकमेकींकडे मात्र बघत नाहीत.

आठवीतली जहांआरा त्या दिवशी अशी बसली होती.

दोन्ही घरांत एकाच रात्री पाळणा हलला होता. जहांआराचा भाऊ मंगळवारी रात्री दहाला जन्मला. शेजारच्या द्वारकाबाईंची नात त्याच रात्री, पहाटे तीनला. दवाखान्याच्या बाकावरच जैतुनबी दादीनं आणि द्वारकाबाईंनी ठरवून टाकलं होतं. चाळिसाव्या दिवशी दोन्ही बाळंतिणी उंबऱ्याबाहेर पडतील, तेव्हा गल्लीला एकच जेवण घालायचं. एक मांडव, एक आचारी.

जहांआरा शाळेत पायथन शिकत होती. संगणकाशी बोलायची ती भाषा. तिनं दोन्ही बाळांच्या जन्माची तारीख आणि वेळ भरली, जन्माचा दिवस पहिला धरायला सांगितलं आणि चाळिसावा दिवस विचारला. भावासाठी उत्तर आलं शनिवार. द्वारकाबाईंच्या नातीसाठी आलं रविवार.

"जेवण एका दिवशी होणार नाही," तिनं ओट्यावरून जाहीर केलं. "रात्री बाराला तारीख बदलते. मुन्ना बाराच्या आधीचा, छकुली बाराच्या नंतरची."

दादी हसत सुटली. "बारा बजे क्या होता गे? ना सूरज हिलता, ना चांद."

"तर काय," द्वारकाबाई म्हणाल्या. "एका रातीची लेकरं. त्यांचा दिवस एकच असणार. तुझ्या डब्याला काय कळतंय."

दोघींनी मिळून संगणकाची पुरती चेष्टा केली. मग द्वारकाबाई म्हणाल्या, "दोघांचा शनिवारच." आणि त्याच दमात दादी म्हणाली, "दोनों का इतवार."

हसू तिथंच थांबलं.

"इतवार कसा? लेकरं मंगळवारच्या रातीची."

"बुधकी रात थी वो. शामकी अजान झाली की दुसरा दिन लागतो, द्वारकाबाई. रात पैले आती, दिन बादमें."

"असं कुठं असतंय व्हय? दिस उगवल्याबिगर दुसरा दिवस लागत नाय. रात कालच्याच दिवसाची."

"तो फिर शनिवारको तुम एकोणचाळिसावा दिन करनेवाले."

"आन् तुम्ही इतवारी एकेचाळिसावा."

बोलणं वाढत गेलं आणि मग एकदम बंदच झालं. रोज दुपारी दोघी त्या ओट्यावर एका किटलीतला चहा प्यायच्या. त्या दुपारी किटली आत राहिली. आचारी नूरमोहम्मदचा फोन आला. संध्याकाळपर्यंत दिवस कळला नाही, तर तो लग्नाचं दुसरं काम घेणार होता.

"तुमचं तुम्ही करा, आमचं आम्ही करू," द्वारकाबाई दारातून म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चिरका झाला होता.

ही आग आपल्या प्रोग्रॅमनं लावली असं जहांआराला वाटलं. तिनं ते उत्तर पुसलं. पुन्हा तारखा भरल्या. पुन्हा तेच आलं. संगणक चुकत नव्हता. तिनं जेवढं सांगितलं होतं तेवढंच तो करत होता. पण दिवस कुठून धरायचा हे तिनं त्याला कुठं सांगितलं होतं? तिनं न सांगितल्यावर त्यानं आपलं आपण रात्रीचे बारा धरले होते.

ती उठून डाव्या दारात गेली.

"दादी, तुमचा इतवार लागतो कधी?"

"शनिवारकी शामको. मगरिबकी अजानको."

"आणि संपतो?"

"इतवारकी शामको. और क्या."

मग ती उजव्या दारात गेली.

"आजी, तुमचा शनिवार कधी लागतो?"

"शनिवारी दिस उगवला की."

"आणि संपतो कधी?"

"दुसऱ्या दिवशी दिस उगवला की. लई सोपं हाय ते. तुझ्या दादीला सांग."

जहांआरा पुन्हा ओट्यावर बसली. या वेळी तिनं दिवसाचं नाव लिहिलंच नाही. दादीच्या दिवसाची सुरुवात लिहिली आणि शेवट लिहिला. आजींच्या दिवसाची सुरुवात लिहिली आणि शेवट लिहिला. तुम्हीही हे कागदावर करून बघा. एकाखाली एक दोन पट्ट्या काढा, मग तिला काय दिसलं ते कळेल. शेवटी तिनं संगणकाला सांगितलं, दोन सुरुवातींपैकी जी उशिराची ती घे, आणि दोन शेवटांपैकी जो आधीचा तो घे.

पडद्यावर एकच ओळ उमटली. तिनं ती दोनदा वाचली.

"काय म्हणतोय डबा?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"किसका सही निकला?" दादीनं विचारलं.

जहांआरानं नूरमोहम्मदला फोन लावला.

"कुणाचा दिवस ठरला मग?" पलीकडून त्यानं विचारलं. गल्लीतलं भांडण त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

"दोघींचा, चाचा," जहांआरा दोन्ही दारांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "शनिवारी संध्याकाळी, मगरिबची अजान झाली की पंगत बसवायची."