धुरपताबाईचं दार

चुंगडीतून पुन्हा आवाज आला, तशी धुरपताबाई मोठ्याने खोकली. रेल्वेत समोरच्या बाकावरच्या माणसाने विचारलं, पोत्यात काय आहे. कोंबड्या, ती म्हणाली. कोंबडीने नेमकं त्याच वेळी म्याव केलं. माणूस हसला आणि खिडकीकडे तोंड करून बसला. अशी दोन पोती पायाशी घेऊन निघालेल्या म्हातारीला पुढचं विचारू नये, एवढं त्याला कळत असावं.

एका चुंगडीत तीन मांजरं, दुसरीत दोन. हवा लागावी म्हणून तिने मुद्दाम विरलेल्या चुंगड्या निवडल्या होत्या. जंगलात सोडायलाच नेतो आहोत तर हवेची काळजी कशाला, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

यातलं एकही मांजर तिने हौसेने आणलेलं नव्हतं. तिच्या मुर्री गावात काय किंवा आसपास काय, कोणाला मांजर नकोसं झालं की पहाटे ते चुंगडीत भरून तिच्या दारात ठेवायचं, अशी रीतच पडली होती. मारलं तर पाप लागतं, लांब सोडलं तर परत येतं. धुरपताबाईच्या दारात ठेवलं की दोन्ही कटकटी मिटतात. ती गाठ सोडायची, ठेवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि शिव्या देता देताच भातात सुके झिंगे कुस्करायची.

पण छातीतली गाठ वाढली. डॉक्टरांनी नागपूरला जायला सांगितलं. सोमवारी ऑपरेशन, मग सहा-आठ महिने उपचार. त्याच्या पुढचं ते बोलले नाहीत आणि तिनेही विचारलं नाही. नागपूरची भाची रचना म्हणाली, ये. एकटी ये, हेही म्हणाली. मांजर आडवं गेलं की काम होत नाही म्हणतात. ही तर पाच होती आणि थेट ऑपरेशनलाच आडवी गेली होती.

महिनाभर तिने तजवीज केली. वहीत एकेका मांजराचं एकेक पान केलं. आंधळीला ताटली वाजवून जेवायला बोलवावं. लंगड्याला कुत्र्यांपासून जपावं. काळीला पाठीवर हात फिरवल्याशिवाय घास उतरत नाही. ही वही घेऊन ती दारोदार फिरली. गोंदियाहून दोन-तीन मुली आल्या, मांजरांचे फोटो काढून गेल्या. फोनवर लाल बदामांचा पाऊस पडला, मांजर न्यायला मात्र कोणी फिरकलं नाही. विहारातल्या बायांनी तिच्या नावाने वंदना घेतली आणि मांजरांचा विषय निघताच घरी दूध उतू जात असल्यासारख्या उठल्या.

उरला केशोराव. तीस वर्षांपासूनचा शेजारी. त्याने वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, मिटली आणि तिच्या हातात परत दिली.

"एक-दोन महिन्याची गोष्ट असती तं पाह्यलं असतं, धुरपता," तो म्हणाला. "पन तू वापसच नाही आली तं?"

तो खोटं बोलत नव्हता. म्हणून तर ते जास्त लागलं.

मांजराला नदीपलीकडे सोडावं, म्हणजे त्याला परतीची वाट सापडत नाही, असं जुनी माणसं सांगत. सालेकशाच्या जंगलाकडे जाताना वाटेत नदी लागते. गाडी पुलावर आली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. जन्मभर पंचशील म्हटलं होतं. जीव घेणार नाही, हे पहिलंच शील. सोडणार नाही, असं त्यात कुठे आहे, असं ती स्वतःला समजावत होती. मन काही समजत नव्हतं.

सालेकशाला उतरून ती जंगलाच्या वाटेला लागली. दर पन्नास पावलांवर चुंगड्या खाली ठेवायची, छाती दाबून धरायची, पुन्हा उचलायची. मोहाच्या झाडाखाली थांबून तिने दोन्ही गाठी सोडल्या. मांजरं बाहेर आली आणि पळाली नाहीत. पाचही तिच्या हाताकडे बघत बसली. जेवणाची वेळ झाली होती. आंधळी तर चाचपडत येऊन तिच्या पावलावरच बसली. वहीसुद्धा तिने सोबत आणली होती. जंगलाला वाचायला, दुसरं काय.

"जा," ती म्हणाली. मग पदर तोंडात कोंबून रडली.

मागे पाला वाजला. मोहफुलं वेचणारी एक बाई टोपली घेऊन उभी होती. तिने रिकाम्या चुंगड्या पाहिल्या, मांजरं पाहिली. धुरपताबाई मान खाली घालून शिव्यांची वाट बघू लागली. आजवर आपण दिलेल्या सगळ्या शिव्या आज वळून येणार, हे तिने मनोमन कबूल केलं होतं.

बाईने शिवी दिली नाही. ती खाली बसली, आंधळीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि समजुतीच्या सुरात बोलली.

"येथं नका सोडू, बाई. येथं बिबट फिरून राहिला हाय, एक नाही वाचनार. माही पोरगी मुर्रीले देली हाय. तेथं धुरपताबाई म्हनून एक बाई राहते. पहाटे तिच्या दारात ठेवा अन् चालल्या जा. शिव्या देते, पन कोनाले नाही म्हनत नाही. तिच्या दारात ठेवलं का मंग चिंताच नाही."