पोटासाठी विहार

‘कवठे महांकाळ सहा किलोमीटर’ असा दगड दिसला आणि पारसची चाल मंदावली. पाय दुखत होते म्हणून नव्हे. पायांचं उत्तम चाललं होतं. पण गावात पोचल्यावर मंदिरात त्याचा सत्कार होणार होता, आणि तो सत्कार त्याला नको होता.

महाराज पुढं चालले होते. दिगंबर मुनी, वाहनात बसायचं नाही, पायात काही घालायचं नाही, एका गावाहून दुसऱ्या गावाला विहार करायचा तो असा चालतच. वय बहात्तर, अंगावर मांस औषधालाही नाही, पण चाल अशी की मागं येणाऱ्या तरण्याताठ्यांना धाप लागावी. नजर मात्र चार हात पुढच्या जमिनीवर, मुंगीसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून. त्यांचा कमंडलू पारसच्या हातात होता. तो धरायचा मान मिळावा म्हणून लोक एकमेकांना कोपरानं ढकलतात. पारसला तो आताशा आपसूकच मिळायचा, कारण शेवटपर्यंत टिकणारा तोच.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं दुकान, वय बावन्न, दिवाळीच्या आधी वजन एकशेचार. डॉक्टरांनी दम भरला तेव्हा घरात चालायचं मशीन आलं, आणि आठवड्याभरात त्यावर टॉवेल वाळायला लागले. मग थोरल्या आत्यानं, आक्काताईनं, त्याला विहाराला ओढून नेलं. तीन किलोमीटरवर गडी जीपमध्ये जाऊन बसला. सत्तरीची आक्काताई काठी टेकत पुढं गेली. ते जिव्हारी लागलं. पुढच्या वेळी पाच चालला, मग आठ. आजचा पंधरावा विहार होता आणि वजन ब्याण्णव.

“पैलं देवळाची पायरी चढायचा न्हाई,” मागं आक्काताई कुणाला तरी सांगत होती, “आता बघा, महाराजांची पाठ सोडत न्हाई. पुण्य लागतं त्येला.”

पारसनं बाही खाली ओढली. बाहीखाली पावलं मोजणारं घड्याळ होतं. चौदा हजार दोनशे. आकडा बघून त्याला आनंद झाला, आणि आनंद झाला याची लाज वाटली.

दोन्ही बाजूंना शाळू कणसात आला होता. हवा गार होती. श्वास कुठं अडकत नव्हता, उलट छातीत जागा वाढल्यासारखी वाटत होती. वीस वर्षं जे अंग तो पोत्यासारखं ओढत आला, ते अंग आज त्यालाच ओढून नेत होतं. झकास वाटत होतं. आणि सगळी पंचाईत तिथंच होती.

मंदिर समितीचे भाऊसो शेजारी आले. “शेठ, पंधरा विहार झाले तुमचे, फेटा बांधायचाय तुमास्नी. भाषण न्हाई, नुसतं हात जोडायचे.”

पारसनं चाल वाढवली.

वाटेतल्या एका शाळेच्या व्हरांड्यात महाराज टेकले. मंडळी अंतरावर बसली. पारस पुढं गेला. त्यानं कमंडलू हलकेच खाली ठेवला.

“नमोस्तु महाराज. एक कबूल करायचं हाय.”

महाराजांनी मान वर केली.

“मी पुण्यासाठी येत न्हाई. पोटासाठी येतोय.” त्यानं बाही वर सारली. “हे पावलं मोजतंय. डॉक्टरनी चाला म्हटलं म्हणून आलो. बारा किलो उतरलं. आनि ही लोकं माझा सत्कार कराय निघाल्यात.”

“आरं मुडद्या,” आक्काताई पुटपुटली आणि तिनं कपाळाला हात लावला.

“पाय दुखतात?” महाराजांनी विचारलं.

“पैलं लय दुखायचे. तवा वाटायचं, दुखतंय म्हंजे थोडं तरी पदरात पडत असंल. आता तेबी न्हाई. आता मजा येती, महाराज. आदल्या दिवसापास्नं सकाळची वाट बघतोय. तप म्हणावं तर तपासारखं ह्यात काय उरलंच न्हाई. कमंडलू दुसऱ्या कुनाकडं तरी द्या.”

शेवटचं वाक्य बोलताना त्यानं कमंडलू हातभर पुढं सरकवला. कुणी दुकान लिहून दे म्हटलं असतं तरी त्याला एवढं जड गेलं नसतं. बावन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या अंगाचा आनंद झाला होता, आणि तो या म्हाताऱ्या माणसाच्या मागं चालताना झाला होता.

भाऊसो फेट्याची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले.

महाराज मोरपिसांच्या पिच्छीकडं बघत बसले होते.

“एक्केचाळीस वर्षं चालतो आहोत आम्ही,” ते शेवटी म्हणाले. “लोक पाय धरतात. किती कष्ट, किती कष्ट, म्हणतात. मजा येते का, असं कुणी विचारलं नाही.”

पारसच्या तोंडून निघून गेलं, “येती?”

“आरं, गप!” आक्काताई ओरडली.

महाराज उठले. पिच्छीनं पायरी झाडली, खाली उतरले, समोरच्या उन्हातल्या रस्त्याकडं क्षणभर बघितलं, आणि असे झपाझप निघाले, की पारसला कमंडलू उचलून चक्क पळत सुटावं लागलं.