अकरावा खटका

आईला मागच्या सीटवर बसवून त्याने पट्टा लावला, तेव्हा बाबा म्हणाले, "जरा हलकी कर. ही एकोणपन्नास किलो सातशे आहे."

आई म्हणजे सिमेंटची गोणी. समोरच्या बांधकामावरून तासाभरासाठी मागून आणलेली.

खरी आई दवाखान्यात होती. मणक्याच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले होते आणि आज चार वाजता तिला घरी सोडणार होते. डॉक्टरांनी बसून जायची परवानगी दिली होती, पण धक्का बसता कामा नये, असं दोनदा बजावलं होतं. ॲम्ब्युलन्सचं नाव काढताच आईने तोंड फिरवलं. "आडवी होऊन आले, आता बसून जाणार. माझ्या पोराकडे गाडी आहे."

पोराकडे गाडी होती हाच तर घोळ होता. दोन वर्षांपूर्वी त्याने कंपनीचे शॉकअप काढून बाहेरून आणलेले कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग गुंडाळलेले रेसिंगचे शॉकअप, बसवले होते. गाडी चार बोटं खाली गेली आणि नातेवाईक चार हात लांब गेले. रस्त्यावर कुणी आगपेटीची काडी टाकली असेल, तर ती जळालेली की कोरी, हे या गाडीत पाठीला कळायचं. प्रत्येक शॉकअपच्या डोक्यावर एक बटण होतं. त्याला चोवीस खटके. एकीकडे फिरवलं की कडक, दुसरीकडे फिरवलं की मऊ. दोन वर्षं चारही बटणं पार कडक टोकाला होती, कारण व्हिडिओतल्या माणसाची तशी होती.

"गोणीवर पन्नास छापलंय, बाबा."

"छापणाऱ्याने उचलून बघितली होती का?" बाबांचा उभा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला होता. छापील आकड्यांवर त्यांचा राग होता.

"आणि आई अठ्ठेचाळीस."

"ते ऑपरेशनच्या आधी. आता सेहेचाळीस धर."

त्यांनी गोणीचं तोंड उसवलं, तीन मग सिमेंट काढलं, गोणी कवेत घेतली, उचलली आणि क्षणभर डोळे मिटले. "हं. झाली आता."

हा अंदाज त्यांना कुठून आला, हे मुलाने विचारलं नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या.

त्याने चारही बटणं मऊ टोकापर्यंत फिरवली. बाबा गोणीशेजारी बसले आणि तिच्यामागे हात ठेवला. फाटकावरच्या वॉचमनने वाकून आत पाहिलं. "काका, कुणाला घेऊन चाललात?"

"हिला आणायला चाललोय," बाबा गोणीकडे बोट दाखवत म्हणाले. "त्याची तालीम."

वॉचमनने मुकाट फाटक उघडलं.

कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर गाडी हळूच चढली, हळूच उतरली. मग पुन्हा चढल्यासारखी झाली, पुन्हा उतरल्यासारखी झाली. गोणीने तीनदा मान डोलावली. बाबांनीही.

"यापेक्षा मऊ होत नाही," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. अडीच वाजले होते.

"मऊ मागितलं कुणी? काटा बघितलायस ना? माल ठेवला की तो एकदा झुलून थांबला पाहिजे. झुलतच राहिला तर गिऱ्हाईक भांडतं. झुललाच नाही तर समजायचं, आत काहीतरी अडकलंय." बाबांनी गोणीची सुरकुती सारखी केली. "खड्डा एकदा लागू दे. तीनतीनदा आठवण कशाला करून द्यायची बिचारीला?"

मग दोघं कामाला लागले. तो बॉनेट उघडायचा, डिकी उघडायचा, बटणं कडक बाजूकडे एक खटका सरकवायचा. बाबा स्पीडब्रेकरवर डोळे मिटून बसायचे आणि नुसतं "अजून" म्हणायचे. दहा फेऱ्या झाल्या. दोन वर्षांत बापलेकांचं इतकं बोलणं झालं नव्हतं, आणि त्यातही एकच शब्द होता. अकराव्या खटक्याला बाबा काहीच बोलले नाहीत. त्याने आरशात पाहिलं. ते गोणीच्या खांद्याला खांदा लावून स्वस्थ बसले होते.

"बाबा?"

"हात लावू नकोस आता."

चार वाजता नर्सने आणि त्याने मिळून आईला मागे बसवलं. बाबा त्याच बाजूला, त्याच जागी. आईने डोळे घट्ट मिटले आणि बाबांचा हात दोन्ही हातांनी धरला. चारचौघांत तिने तो कधी धरला नव्हता. बाबांना तो कसा ठेवावा ते कळेना. त्यांनी तो होता तसाच राहू दिला.

दवाखान्याच्या फाटकातला स्पीडब्रेकर कोपऱ्यावरच्यापेक्षा मोठा होता. त्याने पहिला गिअर टाकला. गाडी एकदा वर गेली, एकदा खाली आली, आणि पुन्हा झुलली नाही. मागून आवाज आला नाही. तो रस्त्याला लागला.

"अरे," आई डोळे न उघडता म्हणाली, "तो फाटकातला मोठा स्पीडब्रेकर आला की आधी सांग हं. मी धरून बसलेय."

तो तर मागे गेला, हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि आरशात पाहिलं. बाबांनी मान हलवली. अगदी थोडी, नाही म्हणण्यापुरती.

"सांगतो, आई," तो म्हणाला.

पुढे सहा किलोमीटर सरळ, सपाट रस्ता होता.