पुढचं बटन

“आप्पा, तुमचा फोन द्या जरा,” ऋतुजा म्हणाली.

टेबलावर ऑफिसचे दोन फोन होते, दोन्ही नवे कोरे. मार्केट यार्डात कांद्याच्या गाडीचा नंबर घरबसल्या लावायचं तिनं बनवलेलं ॲप दोन्हींवर झरझर चालत होतं. पण साहेबांनी बजावलं होतं, शेतकऱ्याच्या खिशात असतो तसल्या जुन्या फोनवर बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही. तसला फोन घरात एकच होता, वडिलांचा.

आप्पा बाजेवर बसून पुटपुटत होते, “ढवळ्या, पाखऱ्या, सर्जा...” मंद्रूपला गावी शेती करताना दावणीला बांधलेल्या बैलांची नावं. मेंदूच्या डॉक्टरकडं नंबर लावल्यापासून हे रोजचंच. उद्याच जायचं होतं; तिथं विचारलं आणि आठवलं नाही तर?

“त्या फोनला काय बगतीस?” ते म्हणाले. “बिगाड माज्यात हाय.”

समोरचं बटन दिसत नाही, हा तो बिघाड. ऋतुजा ऑफिसातून वापरून बघायला ॲप पाठवायची आणि आप्पा फोन करून सांगायचे, नाव-गाव भरलं, पन पुढचं बटन न्हाय. ती तिकडं स्वतःच्या स्क्रीनकडं बघत खेकसायची, “नीट बघा! खाली ढळढळीत निळं आहे!” डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू काढलाय, नजर ठणठणीत आहे. मग राहिलं डोकं. आप्पांचे थोरले भाऊ सिद्रामप्पा शेवटी शेवटी पोटच्या पोराला विचारायचे, “पावनं, कुटनं आला?” तेव्हापासून आप्पांना मरणाची नाही, पण त्या प्रश्नाची भीती होती.

ऋतुजानं त्यांच्या फोनवर ॲप उघडलं. नाव घातलं, गाव घातलं, पोत्यांचा आकडा घातला आणि थांबली. बोटानं वर ढकललं, खाली ढकललं. पान जागचं हलेना. ऑपरेशननंतर तिनंच या फोनवरची अक्षरं सगळ्यात मोठी करून दिली होती. त्या अक्षरांनीच स्क्रीन भरून गेली होती आणि बटन खाली स्क्रीनच्या बाहेर गेलं होतं.

तिनं फोनवरून मान वर केली.

“आप्पा, बटन नाहीच इथं.”

आप्पा उठून जवळ आले. “नीट बग.”

“नीट बघितलं. नाही. मग परवा दिसलं म्हणालात ते?”

“तू लई वरडलीस. म्हटलं, समद्या जगाला दिसतंय, तर आसंलच की.”

“चुकलं माझं, आप्पा.”

आप्पांनी फोन हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि त्या दोन नव्या फोनांशेजारी ठेवला. मग बाजेवर जाऊन ऐसपैस आडवे झाले.

“उद्याचा नंबर खोडू नगंस,” ते म्हणाले. “डॉक्टरकडं ह्याला घिऊन जा. मी काय यायचा न्हाय.”