उजवी सीट

"बटण आत दाबलेलं सापडलं," विमान अपघाताच्या चौकशीला आलेले प्रुइट म्हणाले. "बाकी बरंच जळालं, पण ब्रेकरची रांग वाचली. उडालेला ब्रेकर कुणीतरी परत बसवला होता. कुणी, मिसेस व्हॉस?"

आर्डिथ व्हॉस टेबलाकडे बघत होती. नवऱ्याला, मर्लला, पुरून आज नववा दिवस. धावपट्टीच्या कडेच्या त्या ऑफिसात तिच्या शेजारी मुलगा केंडल बसला होता, पलीकडे सून जोलीन. टेबलावर कुणीतरी दालचिनीचे रोल ठेवून गेलं होतं. माणूस गेला की इथे लोक खायला आणत राहतात आणि ते कुणाच्या घशाखाली उतरत नाही. आर्डिथच्या डाव्या हाताला पट्टी होती. हात दुखायला हवा होता, पण काहीच दुखत नव्हतं.

"बाबांनी तर नक्कीच नाही," केंडलच बोलला. "चाळीस वर्षं विमान शिकवलं त्यांनी. पहिल्या दिवशी धडा हाच. ब्रेकर उडाला, हात लावायचा नाही. कुठेतरी तार जळतेय म्हणूनच तो उडतो. मी एकदा दाबला तर अख्खा उन्हाळा मला विमानात बसू दिलं नाही त्यांनी."

खरं आहे. नेब्रास्कातल्या आमच्या त्या काउंटीत ज्याला म्हणून विमान उडवता येतं, तो मर्लकडेच शिकलेला. आणि मास्तर लोकांचं काय असतं, शिकवायचं एक आणि घरी करायचं भलतंच. ब्रेकरची रांग उजव्या सीटसमोर, म्हणजे आर्डिथसमोर. रेडिओचा ब्रेकर दोन वर्षं उडत होता. "दाब गं, काही होत नाही," मर्ल बाहेर बघत म्हणायचा, आणि ती विणता विणता दाबायची. त्या दिवशी तो तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा दाबल्यावर पॅनेलमागून धूर आला. मर्लने मुख्य स्विच बंद केला, मक्याच्या कापलेल्या शेतात विमान अलगद टेकवलं. त्या विमानाला दार एकच, तिच्या बाजूला. ती आधी उतरली. तोवर आत आग भडकली, त्याला उतरता आलं नाही.

"मिसेस व्हॉस?"

केंडल तिच्याकडे बघत होता. बापाची चूक नव्हती, एवढंच नऊ दिवस तो धरून बसला होता.

"मी दाबलं," ती म्हणाली. "माझ्या मनाने. मर्ल नको म्हणत होता."

प्रुइटचं पेन थांबलं. "बटणावरचा आकडा पुसलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "बोट लागून लागून. एका दिवसात नाही होत तसं."

"दरवेळी मीच दाबायचे. माझीच खोड."

"आणि ते काही बोलायचे नाहीत?"

"ओरडायचा."

मर्ल व्हॉस जन्मात कधी बायकोवर ओरडला नाही, हे काउंटीतलं शेंबडं पोरही सांगेल. केंडलला त्या घडीला ते आठवलं नाही, किंवा आठवायचं नव्हतं.

"किती वेळा सांगितलं असेल त्यांनी तुला," तो म्हणाला. "किती वेळा, आई."

"खूप वेळा."

प्रुइटनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग लिहून घेतलं आणि कागद पुढे सरकवला. तिने सही केली, अगदी नीट, शाळेत करतात तशी.

बाहेर वारा सुटला होता. केंडल गाडीपर्यंत आला, दार उघडून तसाच उभा राहिला, आणि मग किल्ली त्याने जोलीनच्या हातात ठेवली.

"आईला तू घेऊन जा. मी चालत येतो."

"अरे, अकरा मैल आहे," जोलीन म्हणाली.

केंडल तोवर रस्त्याला लागला होता.