शनीला लावलेला डोळा

१९७३ च्या नाताळात मरिया पुण्याहून नेवाशाला आली ती विद्यापीठाची दुर्बीण घेऊनच. तिथं ती खगोलशास्त्रात संशोधन करत होती. अंधार पडल्यावर तिनं दुर्बीण शाळेच्या पटांगणात मांडली आणि जमलेल्यांना हौसेनं म्हणाली, "या, शनी बघा!"

सगळे मागं सरकले. शनीच्या नजरेला नजर कोण देणार?

"अहो, त्याला डोळे नाहीत, नुसती कडी आहेत!" तिनं परोपरीनं सांगितलं. कुणी हललं नाही.

शेवटी शेजारच्या आक्काबाई पुढं झाल्या. डोळा लावून निवांत बघितलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "गेली गं बाई माझी साडेसाती!"

दुर्बिणीपुढं एकच झुंबड उडाली. मरिया त्यांच्या कानाशी लागली. "आक्का, असं काही नसतं हो!"

"मला ठावं हाय. पर तुला मान्सं पायजे हुती का न्हाई?"

मरियाला हसू आवरेना. रांगेतल्या प्रत्येकाला कडी दाखवून झाल्यावर ती म्हणाली, "उद्या गुरू दाखवते."

"मग लग्नाच्या पोरी घिऊन येते," आक्काबाई म्हणाल्या. "गुरुबळ लई लागतं. पर पयला डोळा तू लाव, मरिये. तुझ्या आईला लई घोर लागलाय."