उलटी

“पळून दाखव बघू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ठकी टेबलावरून खाली उतरली. एक हात छातीवर ठेवून ती सावकाश दारापर्यंत गेली आणि तशीच परत आली. डोक्यावर काठोकाठ भरलेलं पातेलं असावं, तशी.

“बघितलंत?” आजी म्हणाली. “सहा महिने हेच चाललंय. आधी धावायची, तर चार पावलांत दम लागून मटकन खाली बसायची. आता तुम्ही तिच्या हृदयातलं भोक बुजवलंत, तर हिनं धावायचंच सोडलं. हिच्यापेक्षा गोगलगाय बरी. ती निदान कुठंतरी पोचते.”

ठकी हसली नाही. आजीही हसली नाही. खुर्ची पुढे ओढून ती हळूच म्हणाली, “खरं काय ते सांगा. नीट बुजलं नाही ना? पुन्हा सगळं करावं लागणार?”

“बघूया की,” म्हणत डॉक्टरीणबाईंनी ठकीला आडवं केलं. गार जेल लागताच ठकीनं पोट आत ओढलं. मॉनिटरवर तिचं हृदय दिसू लागलं, मूठ उघडावी-मिटावी तसं. मधली भिंत डॉक्टरीणबाईंनी वरून खाली, खालून वर तपासली. याच भिंतीतून पूर्वी लाल झोत पलीकडे उडायचा. आता तिथं काहीच उडत नव्हतं.

“आजी, एक थेंबसुद्धा पलीकडे जात नाहीये. वजन दोन किलोनं वाढलंय. ठोके तर घड्याळ लावून घ्यावं असे.”

“मग ही अशी का चालते?”

याचं उत्तर मशीनमध्ये नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी ते बंद केलं, ठकीची छाती पुसली आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या.

“ठकूबाई, पळायला आवडत नाही का?”

“आवडतं.”

“मग?”

ठकीनं आजीकडे पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, “उलटी होईल.”

“उलटी? मळमळतं तुला?”

“अगं बाई!” आजी उभीच राहिली. “कधी झाली गं तुला उलटी? मला बोलली नाहीस ती!”

“ती उलटी नाही!” ठकी ओरडली. मोठ्या माणसांना काही म्हणता काही कळत नाही, असा चेहरा करून तिनं एकेक शब्द तोडून सांगितलं, “छत्री. उलटी. होईल.”

आजीची मान आपोआप कोपऱ्याकडे वळली. तिथं तिची काळी छत्री भिंतीला टेकून उभी होती. तिची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. भोक बुजवायच्या आधी एकदा ठकी ती घेऊन वाऱ्यातून चार पावलं धावली होती आणि छत्री भसकन उलटी झाली होती. तेव्हा पाठीत धपाटा घालून ‘छत्री घेऊन धावतं का कुणी?’ असं आजीच म्हणाली होती.

आणि ‘तुझ्या हृदयात आम्ही एक छोटीशी छत्री बसवणार’ असं ठकीला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, ते डॉक्टरीणबाईंनी.

त्यांनी कपाळावर हात मारला. मग खण उघडून एक नमुना काढला आणि ठकीच्या तळहातावर ठेवला. बारीक तारेच्या जाळीच्या दोन चकत्या, मधे जोडलेल्या.

“ही बघ. तुझ्या आत अशीच आहे.”

ठकीनं ती उलटसुलट करून पाहिली. “हिला दांडा कुठंय?”

“नाही.”

“काड्या?”

“त्याही नाहीत.”

“मग छत्री कशाला म्हणता?”

“चुकलं बाई माझं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “शिवाय आता तिच्यावर तुझंच कातडं वाढलंय, आतल्या आत. वारा काय, वादळ आलं तरी हलायची नाही.”

ठकीचा नुसत्या शब्दावर विश्वास बसला नाही. तिनं जाळी तोंडाजवळ धरली, गाल फुगवले आणि जीव खाऊन फुंकर मारली. पुन्हा एकदा मारली. मग जाळी डॉक्टरीणबाईंना परत दिली.

“जाऊ?”

“जा. जिन्याकडे नको.”

दारापर्यंत ती चालतच गेली. नंतर बाहेरच्या लांब व्हरांड्यात चपलांचा फटफटाट सुरू झाला. तो लांब गेला, वळला, जवळ आला.

“अगं हळू! पडशी...” आजी ओरडली आणि तिनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. हाताच्या आड ती हसत होती, आणि चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या.

सिस्टरनं पुढच्या पेशंटला आत आणलं. आईचं बोट धरून, चारेक वर्षांची, लाल स्वेटरमधली मुलगी.

“पुढच्या आठवड्यात हिचं करायचं ना?” आईनं विचारलं. “काय बसवता तुम्ही त्या भोकात? ही घरी सारखी विचारते.”

“छ...” डॉक्टरीणबाईंनी शब्द गिळला. दारावरून चपला तिसऱ्यांदा फटफटत गेल्या. त्यांनी थोडा विचार केला आणि मुलीसमोर वाकून म्हणाल्या, “बटण. आम्ही की नाही, तिथं एक छोटंसं बटण लावणार. बटण लावलं, की भोक बंद!”

मुलीनं मान खाली घालून आपल्या स्वेटरकडे पाहिलं. वरून तिसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

“सिस्टर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आधी जरा सुई-दोरा आणा.”